भुताखेतांची हिशेबतपासणी

सरकारी नोकरीत चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबांतील चुका शोधण्यात घालविलेल्या मनुष्यास निवृत्तीनंतर स्वतःचे दोष दिसू लागतात, असे जर कोणी म्हणत असेल तर त्याला हिशेबतपासनीस या जातीचा निकट सहवास घडलेला नाही असे खुशाल समजावे. कारण माझे पेन्शन सुरू होऊन बारा वर्षे झाली, शेवटची बदली ज्या लखनौ शहरात झाली त्याच शहराच्या अलीगंज मोहल्ल्यात मी घर करून राहिलो, आणि या बारा वर्षांत माझा जो एकमेव दोष उघडकीस आला तो मी शोधलेला नसून नगरहून आलेल्या माझ्या आत्याबाईंनी, चष्मा कपाळावर असताना, केवळ स्पर्शाने शोधून काढला. तो दोष असा, की मी जन्माने, बाप्तिस्म्याने आणि दर रविवारच्या हजेरीने ख्रिस्ती असून भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचतो.

दोष जुना आहे. नगरच्या आमच्या घरात पवित्र शास्त्र, उपासना-संगीत आणि 'ज्ञानोदय' यांखेरीज छापील कागद म्हणजे वाण्याच्या पुड्या, अशी स्थिती असताना शाळेतील एका मित्राने मधल्या सुट्टीत मला नारायण धारपांचे एक पुस्तक दिले. त्या रात्री मी मागच्या दाराची कडी तीनदा तपासली, आणि तेव्हा कडी तपासण्याची जी खोड जडली तिच्याच बळावर पुढे सरकारने मला पगार दिला. धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली गेले. मधल्या काळात त्यांनी 'लुचाई', 'चेटकीण', 'ग्रहण' अशी जी पुस्तके लिहिली त्यांतील माझ्याजवळची सगळी, गृहसौख्याच्या दृष्टीने, 'ज्ञानोदया'च्या जुन्या अंकांची वेष्टने पांघरून कपाटात उभी आहेत. १८४२ साली अमेरिकन मिशनने नगरास सुरू केलेल्या त्या नियतकालिकाने आजवर पुष्कळ पाप्यांना आसरा दिला. त्यांत आणखी एका चेटकिणीची भर पडली, एवढेच.

आत्याबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या असून हवापालटासाठी ज्येष्ठ महिन्यात लखनौस येणारी माझ्या माहितीतील ती एकमेव व्यक्ती होय. दुपारी वीज गेली, लू सुटली होती, हाताशी पंखा नव्हता, म्हणून त्यांनी माझ्या उशाजवळचा 'ज्ञानोदय' उचलून वारा घ्यावयास आरंभ केला, दोन झोके घेऊन त्या थांबल्या, हातातील वस्तू त्यांनी भाजीबाजारात दुधी पारखावा तशी तोलून पाहिली आणि विचारले, "ज्ञानोदय एवढा जाड कधीपासून निघायला लागला रे?"

"विशेषांक आहे," मी म्हणालो.

सत्तर वर्षे तो अंक वाचणाऱ्या बाईपुढे असले विधान करणे हे ज्या धाडसाचे काम होते ते धाडस माझ्यात धारपांच्या वाचनाने आले नाही, हे पुढच्याच क्षणी सिद्ध झाले. वेष्टन निघाले, चष्मा कपाळावरून खाली आला, 'चेटकीण' हे नाव मोठ्याने वाचले गेले आणि आत्याबाई, फौजदाराने कलम लावावे त्या सुरात, एवढेच म्हणाल्या, "अनुवाद, अध्याय अठरा." पुस्तक जप्त होऊन त्यांच्या ट्रंकेत गेले. पावती मिळाली नाही.

अनुवादाच्या अठराव्या अध्यायात चेटूक, शकुन, मंत्रतंत्र, भूतविद्या आणि मृतांशी सल्लामसलत या सर्वांना इतक्या तपशीलवार मनाई केलेली आहे की, आमच्या जुन्या खात्यातील परिपत्रकेही त्यापुढे मोघम वाटावीत. परंतु मनाई करण्याची आहे, वाचण्याची नव्हे, असा माझा पहिला बचाव होता. आणि वाचण्यासच मनाई असती तर खुद्द शास्त्रातील कित्येक पाने चिकटवून टाकावी लागली असती, हा दुसरा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील अठ्ठाविसावा अध्याय आपण सगळे लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकत आलो म्हणून त्याची भीती वाटेनाशी झाली आहे. नाही तर त्या तोडीची भुताची गोष्ट मराठीत कोणी लिहून दाखवावी. शौल राजाने स्वतःच्या सहीने भूतविद्या करणारांना राज्याबाहेर घालविलेले. आता पलिष्ट्यांची छावणी समोर, देव उत्तर देईना, आणि म्हणून हाच राजा वेष पालटून रात्री दोन नोकरांसह एन-दोरच्या एका बाईच्या दारात उभा. बाई त्याला राजाचाच हुकूम सांगते, आणि राजा त्या हुकुमाचा भंग केल्याबद्दल तुला शिक्षा होणार नाही असा देवाच्या नावे जामीन राहतो. परिपत्रक काढणाऱ्याने रात्री मागील दाराने येऊन स्वतःच्याच परिपत्रकातून सूट मागावी, हा प्रकार मी चौतीस वर्षांत इतक्या वेळा पाहिला आहे की या कथेच्या सत्यतेविषयी मला कधी शंका आली नाही. मग राजाने बोलवावयास सांगितलेला मेलेला शमुवेल, झगा पांघरलेला म्हातारा, जमिनीतून वर येतो. आल्याबरोबर पहिली गोष्ट करतो ती तक्रार, की मला का त्रास दिला.

आत्याबाईंनी हे सर्व ऐकून घेतले. "ते शास्त्र आहे," त्या म्हणाल्या. "हे पुण्याचं आहे."

येथे मला सांगितले पाहिजे की, असल्या वाङ्मयाचा आणि धर्मपीठाचा संबंध आत्याबाईंना वाटतो तितका दुरावलेला नाही. उलट इंग्रजी भूतकथा हे बऱ्याच अंशी पाळकांच्या घरचे वतन आहे. शेरिडन ले फान्यू हा आयर्लंडातील पाळकाचा मुलगा, आर्थर मॅकेन हा वेल्समधील पाळकाचा मुलगा, एम. आर. जेम्स, ज्याच्या १९०४ सालच्या पहिल्या संग्रहानंतर इंग्रज वाचकांना जुनी चादर वाऱ्याने हलली तरी घाम फुटू लागला, तोही पाळकाचाच मुलगा असून शिवाय नव्या कराराबाहेर राहिलेल्या प्राचीन ग्रंथांचा नामांकित पंडित. कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड बेन्सन यांना तीन लेखक मुलगे होते, तिघांनीही भुतांच्या गोष्टी लिहिल्या, आणि त्यांतील धाकटा तर पुढे रोमन कॅथलिक धर्मगुरू झाला. मुलांचे सोडा, १८९५ च्या जानेवारीत खुद्द आर्चबिशपांनी आपल्या घरी आलेल्या हेन्री जेम्सला दोन अनाथ मुले आणि दोन मेलेले नोकर यांची एक ऐकीव हकीगत सांगितली, आणि तिच्यातून तीन वर्षांनी 'द टर्न ऑफ द स्क्रू' जन्मास आली. ज्या गृहस्थाच्या हाती साऱ्या अँग्लिकन चर्चच्या किल्ल्या, तो थंडीत शेकोटीजवळ बसून पाहुण्याला भूत सांगतो. आणि मी जूनमध्ये अलीगंजात उताणा पडून वाचतो तर ट्रंक उघडली जाते.

असे होण्याचे कारण, माझ्या मते, साधे आहे. इतर आधुनिक कादंबऱ्यांत देवाधर्माची माणसे एक तर ढोंगी तरी असतात किंवा भाबडी तरी. पाळक येतो तो लग्न लावून चहा पिऊन जाण्यापुरता. भयकथा हा एकच वाङ्मयप्रकार असा उरला आहे की ज्यात प्रार्थना केली असता खरोखरच काहीतरी होते, ज्यात पाप हा शब्द मानसशास्त्राकडे वर्ग न करता जागच्या जागी निकालात काढतात, आणि ज्यात संकटकाळी डॉक्टर, पोलिस व प्राध्यापक यांचे उपाय थकल्यावर बोलावणे येते ते आमच्या माणसाला. भाविक वाचकाला ही जी किंमत मिळते तिचा मोह पडला तर तो क्षम्य मानावा. पण किंमत मिळते म्हणजे हिशेब बरोबर असतो असे नव्हे. आणि तपासनीस म्हणून माझे आक्षेप याच ठिकाणी सुरू होतात.

पहिला आक्षेप साधनसामग्रीचा. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'त त्या सरदाराचा बंदोबस्त क्रूसमूर्ती, लसूण आणि पवित्र भाकर यांनी होतो. पैकी भाकरीचे पाहा: व्हॅन हेल्सिंग हा डच प्राध्यापक ती पवित्र भाकर कुस्करून, लांबीत मळून, थडग्याच्या फटी बुजवितो, आणि कोणी विचारलेच तर माझ्याजवळ परवानगी आहे असे सांगतो. असली परवानगी देण्याचा अधिकार रोमन चर्चमध्ये कोणत्याही दर्जाच्या अधिकाऱ्यास नाही. स्टोकर आयर्लंडातील प्रॉटेस्टंट, त्याला दुसऱ्या पंथाच्या कोठारातील माल वापरताना नियमावली पाहण्याची गरज वाटली नाही. पण हा खर्च मी कधीच मंजूर केला नसता. आणि कॅथलिकांचे कसेही असो, आमचे काय? आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले लोक. आमच्या नगरच्या देवळात पवित्र पाणी नाही, क्रूसावर मूर्ती नाही, मेणबत्ती फक्त वीज गेल्यावर. प्रभुभोजनाला पावाचे चौकोनी तुकडे आणि चिमुकल्या पेल्यांतून द्राक्षांचा रस. उद्या रात्री कपूरथला चौराह्याकडून एखादा रक्तपिपासू सरदार चालत माझ्या दारी आला तर माझ्या साठ्यात त्याला दाखविण्यासारखे म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भजनांचे एक पुस्तक. आणि ती भजने अशी आहेत की ऐकून तो पळून जाण्याऐवजी मांडी घालून बसेल आणि दुसरे म्हणा म्हणेल. लसूण मात्र मुबलक आहे. ती चटणीसाठी आत्याबाईंनी नगरहून आणलेली.

स्टोकरला ही अडचण ठाऊक होती असे मात्र म्हटले पाहिजे. त्याचा जोनाथन हार्कर हा अँग्लिकन वकील. वाटेत खाणावळीतील म्हातारी त्याच्या गळ्यात क्रूसमूर्ती घालते तेव्हा तो अवघडतो, कारण त्याच्या पंथाच्या शिकवणुकीप्रमाणे ती जवळजवळ मूर्तिपूजाच. पण म्हातारीचे मन कसे मोडावे म्हणून ठेवून घेतो. अलीगंजात राहणाऱ्या प्रत्येक प्रॉटेस्टंटाला हा प्रसंग वर्षातून चारदा येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि त्यास आधार प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायाचा. इफिस शहरात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे भुते काढण्याचा धंदा करीत असत; पौलाच्या हातून चमत्कार घडतात हे पाहून त्यांनीही येशूचे नाव, जणू ते बाजारात सुटे मिळणारे औषध आहे अशा समजुतीने, वापरावयास घेतले. त्यावर त्या भुताने जो सवाल केला तो कोणत्याही कचेरीच्या दारावर लावण्यासारखा आहे: ज्यांची नावे घेता त्यांना मी ओळखतो, पण आपण कोण? सनद नसल्याचे आढळताच त्याने सातही जणांना बडवून, उघडेनागडे, घराबाहेर काढले. भयकथांतील बहुतेक नायक मला या सात भावांच्या भाऊबंदांपैकी वाटतात. आयुष्यात देवळाची पायरी न चढलेला तरुण शेवटच्या प्रकरणात दोन काठ्या आडव्या बांधतो आणि सैतान मागे सरतो. हे भूत इफिसच्या भुताइतके चौकस नाही, याखेरीज त्यातून काय सिद्ध होते? स्टीफन किंगला मात्र या बाबतीत शंभरापैकी सत्तर गुण द्यावे लागतील. धारपांची 'लुचाई' ज्या पुस्तकावर बेतली त्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'मध्ये फादर कॅलहन याच्या हातातील क्रूस त्याची श्रद्धा टिकते तोवरच तेजाळतो. ती डळमळताच तो साधा प्लास्टरचा तुकडा होतो आणि रक्तपिपासू तो काडीसारखा मोडून टाकतो. हे शास्त्राला धरून आहे.

आणि मंजुरीचा प्रश्न काढलाच आहे तर 'द एक्झॉर्सिस्ट'बद्दल बोललेच पाहिजे. १९७१ सालची ही कादंबरी विल्यम ब्लॅटी या कॅथलिक गृहस्थाने सद्धेतूने लिहिली. त्यापूर्वी तो विनोदी चित्रपट लिहीत असे आणि क्लूझो या गबाळ्या इन्स्पेक्टरची करामत असलेल्या १९६४ च्या एका चित्रपटाच्या लेखनात त्याचा हात होता, ही गोष्ट मला नेहमी दिलासा देते. लोक या पुस्तकातील हिरवी ओकारी लक्षात ठेवतात. मला आवडतो तो कागदपत्रांचा भाग. मुलीच्या अंगात सैतान शिरला आहे हे डोळ्यांनी पाहूनही फादर कॅरस एकदम मंत्र म्हणावयास लागत नाही. तो पुरावा गोळा करतो, वैद्यकीय मते जोडतो, वरिष्ठांकडे प्रकरण सादर करतो, आणि बिशपांची मंजुरी आल्यावरच अनुभवी मनुष्याची नेमणूक होते. रोमन चर्चचा नियम खरोखरच तसा आहे: बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून भूत काढावयाचे नाही. सैतान पलंग हलवीत असताना फायल हलण्याची वाट पाहणारी ही संस्था माझ्या आदरास पूर्ण पात्र आहे.

तक्रार निराळीच आहे, आणि ती ब्लॅटीपासून धारपांपर्यंत सर्वांविरुद्ध आहे: सैतानाला हे लोक फार देतात. त्याला वाडा देतात, वंशावळ देतात, लॅटिन किंवा संस्कृत देतात, तीनशे पानांपैकी दोनशे नव्वद देतात. शुभवर्तमानांत त्याची ही मिजास नाही. गरसेकरांच्या मुलखात थडग्यांतून राहणाऱ्या त्या भूतग्रस्ताच्या अंगात म्हणे अख्खे सैन्य होते. पण हे सैन्य प्रभूपुढे येते ते अर्ज घेऊन, आणि अर्जात मागते काय, तर डुकरांत जाण्याची परवानगी. परवानगी मिळते, सुमारे दोन हजार डुकरे कड्यावरून सरोवरात पडतात, आणि गावकरी, ज्यांनी एक वेडा शहाणा झालेला पाहिला, ते डुकरांचा हिशेब करून प्रभूलाच गावाबाहेर जाण्याची विनंती करतात. आटपले. मार्काने हे सर्व वीस ओव्यांच्या जागेत सांगितले आहे. धारपांच्या हाती ही हकीगत असती तर डुकरे दुसऱ्या भागात पडली असती.

मराठी भुतांची गोष्ट वेगळी आहे, कारण आपल्याकडे हे खाते फार पूर्वीपासून नीट लावलेले आहे. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर, बाळंतपणात गेलेली ती हडळ, शिकलेला ब्राह्मण चुकला तर ब्रह्मराक्षस, मुसलमानाचा खवीस, आणि सर्वांवर वेताळ, त्याची पालखी. जातवार, वयवार, रजिस्टर पुरे आहे. पण आम्हां ख्रिस्ती लोकांसाठी त्यात स्वतंत्र सदर उघडलेले माझ्या पाहण्यात नाही. आमचा मनुष्य या गोष्टींतून येतो तो बहुधा मेल्यावरच, आणि तोही गोरा साहेब म्हणून, जुन्या बंगल्यात, चिरूट ओढीत. ख्रिस्ती स्मशानभूमी तर लेखकांना फुकटची जागा वाटते. ज्याने आमच्या स्मशानभूमीच्या कमिटीची एक सभा पाहिली आहे, गवताच्या लिलावावरून दोन घराण्यांत उडालेली चकमक ऐकली आहे, आणि शेजारच्या शेळ्या कोणाच्या आजोबांवर चरतात याची तक्रार कार्यवृत्तात नोंदविली आहे, त्याला तेथे मेलेल्यांची भीती वाटणे शक्य नाही.

आणखी एक गोष्ट आत्याबाई सांगतात ती येथे लिहून ठेवतो. आमच्या पणजोबांनी मिशनऱ्यांच्या हातून पाणी घेतले त्यापूर्वी गावकीत आमच्या घराकडे कामे कोणती, तर परगावी मौतीची वर्दी पोचविणे, सरणाला लाकडे नेणे, रात्री वेशीवर राहणे. ज्या ओढ्याकाठी वाड्यातील लोक दिवसाही जात नसत तेथे आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या रात्री भाकरी खात बसले. त्यांना भूत कधी दिसले नाही. दिसला तो पाटील. आत्याबाईंच्या मते भुताची भीती ही बसून खाणाऱ्यांची चैन आहे, आणि या मताला माझ्याजवळ उत्तर नाही.

लखनौने या विषयात भर घातली ती शेजारच्या वकीलसाहेबांच्या द्वारे. लखनौचा मनुष्य भुतालाही 'आप' म्हणतो. रेसिडेन्सीत १८५७ च्या वेढ्यात पडलेल्यांची थडगी आहेत, सर हेन्री लॉरेन्सही तेथेच आहेत. हजरतगंजच्या १८६० सालच्या ज्या क्राइस्ट चर्चमध्ये मी दर रविवारी जातो त्याच्या भिंती त्याच मृतांच्या नावांच्या शिलांनी भरल्या आहेत. आणि ला मार्टिनियरच्या तळघरात १८०० साली वारलेला जनरल क्लॉड मार्टिन झोपला आहे. मार्टिनने स्वतःच्याच महालात पुरून घेतले ते का, याची कथा वकीलसाहेब कायद्याच्या अंगाने सांगतात: नवाब महाल जप्त करील ही धास्ती होती, पण मुसलमान राजा कबरीला हात लावणार नाही हे मार्टिनला ठाऊक होते. म्हणजे ही कबर नव्हे, जप्तीविरुद्धचा कायमचा मनाई-हुकूम. भुताचा इतका किफायतशीर उपयोग मी कोणत्याही कादंबरीत वाचला नाही.

वकीलसाहेबांचा खरा अभिमान मात्र 'तिलिस्म-ए-होशरुबा'. जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब, त्याच्या मायावी नगरी, आणि त्याला पुरून उरणारा अमर अय्यार व त्याची ती कधी न भरणारी झोळी यांची ही हजारो पानांची दास्तान १८८३ पासून मुहम्मद हुसैन जाह आणि नंतर अहमद हुसैन कमर यांच्या लेखणीतून याच लखनौत, मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यात, खंडामागून खंड अशी बाहेर पडली. "साहब," वकीलसाहेब म्हणाले, "लिखनेवाले मुसलमान, छापनेवाले हिंदू, और पढ़ने को आप रह गए थे।" आत्याबाईंसंबंधी मी त्यांना विचारले, की घरातील वडीलमाणसे अशा वाचनाला हरकत घेत असत काय? "घेत," ते म्हणाले, "म्हणून तर दास्तान ऐकायची असते, वाचायची नसते." वकीलच तो.

माझ्या आणि आत्याबाईंच्या दाव्याचा निकाल मात्र एका अनपेक्षित कोर्टात लागावयाचा होता. ज्येष्ठातील मंगळवारांना येथे बडा मंगल म्हणतात. अलीगंजचे जुने हनुमान मंदिर अवधच्या नवाबाच्या घरातील एका बेगमेने बांधविले अशी परंपरा आहे, त्याच्या शिखरावर चंद्रकोर आहे, आणि त्या दिवशी साऱ्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर भंडारे लागतात: मोठमोठ्या कढया, पुऱ्या, बटाट्याची रस्साभाजी, बुंदी, गुलाबी सरबत. अशाच एका मंगळवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पोराने आत्याबाईंपुढे पानाचा द्रोण धरला. पुरी गरम होती. तेलाचा वास सुटला होता. आत्याबाईंचा हात पुढे गेला. तेवढ्यात ते गुणी पोर म्हणाले, "प्रसाद है, माताजी," आणि हात परत आला.

घरी येऊन त्यांनी मला करिंथकरांस पहिले पत्र काढावयास लावले. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल पौलाचा फैसला दोन अध्यायांत आहे आणि तो मोठा व्यवहारी आहे: मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, सबब बाजारात जे मिळते ते चौकशी न करता खावे, परंतु हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितलेच तर, त्या सांगणाऱ्याच्या मनाखातर, खाऊ नये, आणि ज्याचा विवेक दुबळा आहे अशा बंधूच्या देखत तर मुळीच नये. "त्यानं सांगितलं नसतं तर चाललं असतं," आत्याबाई खेदाने म्हणाल्या. मी संधी साधली. धारपांनाही हाच नियम लागू करावा, असे मी मांडले: चेटकीण म्हणजे काहीच नव्हे, सबब पुस्तक बाजारातून चौकशी न करता घ्यावे, मात्र दुबळ्या बंधूच्या देखत वाचू नये, म्हणूनच मी वेष्टन घालीत होतो. "दुबळा कोण?" आत्याबाईंनी विचारले. दावा तेथेच खर्चासह निकालात निघाला.

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेस वाचनाची पाळी माझी होती. मी, थोड्या सूडबुद्धीने, एन-दोरचाच अध्याय काढला आणि तो धारपांकडे शिकलेल्या आवाजात वाचू लागलो. बाईला जमिनीतून कोणी वर येताना दिसते येथपर्यंत आलो आणि वीज गेली. गल्लीतील लाऊडस्पीकरही बंद पडला. तितक्यात जाळीच्या दारावर तीनदा टकटक झाली, आणि दारापलीकडे, हनुवटीखाली धरलेल्या दिव्याच्या उजेडात, पांढऱ्या कपड्यांतील, डोक्यावरून पांढरे वस्त्र ओढलेला एक म्हातारा उभा असलेला आत्याबाई, माझी पत्नी आणि मी अशा आम्हा तिघांनाही स्वच्छ दिसला. आत्याबाई, ज्यांच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या भूत दिसले नाही, त्यांनी माझे मनगट धरले. ते अजून थोडे दुखते.

वकीलसाहेब होते. उन्हाच्या झळीमुळे डोक्यावर अंगोछा, एका हातात कंदील, दुसऱ्यात झाकलेले ताट. अंधारात बोलत बसणे त्यांच्या तहजीबीत बसत नसल्यामुळे ताट हिच्या हाती देऊन, मान लववून, ते एक शब्द न बोलता गेले.

मी अध्याय पुढे वाचला, कारण अर्धवट ठेवणे बरे दिसले नसते. आणि इतक्या वर्षांत ज्याच्याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते तो शेवट त्या दिवशी प्रथमच डोळ्यांत भरला. उद्या तू मरणार असे भुताकडून ऐकून जमिनीवर आडवा पडलेला राजा, दिवसरात्र उपाशी. आणि ती बाई, जिला त्याच्याच हुकुमाने देशोधडीस लागावयाचे होते, ती त्याला दोन घास खाण्याची गळ घालते, तो नको नको म्हणतो, मग खाटेवर उठून बसतो. ती घरचे पोसलेले वासरू कापते, पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते, आणि ते जेवून रात्रीच निघून जातात. याइराची मुलगी मेलेली उठते तेव्हाही प्रभू सांगतो ते हेच, की हिला खायला द्या. आणि पुनरुत्थानानंतर शिष्य त्यालाच भूत समजून गारठतात तेव्हा तो भाजलेल्या माशाचा तुकडा मागून घेऊन त्यांच्यासमोर खातो; कारण भूत जेवत नाही. ड्रॅक्युलाने हार्करपुढे उत्तम भाजलेली कोंबडी ठेवली, आणि स्वतः, माझे आधीच झाले आहे, असे सांगून नुसता पाहत बसला. बिचाऱ्या हार्करने शुभवर्तमाने थोडी लक्ष देऊन वाचली असती तर तेथूनच परतीची गाडी पकडली असती.

हिने ताटावरचे झाकण काढले. वास सकाळचाच होता. मी तोंड उघडले.

"कुठून आलं ते सांगू नकोस," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी तीन पुऱ्या खाल्ल्या, आणि भाजी दोनदा घेतली.